तुम्ही फिरवलेले स्क्रू

अण्णा,

तेरावं झाल्यावर आलेल्या रविवारी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतून एक माणूस तुमचं लेथ बघायला आला. नितीननेच त्याला बोलावलं होतं. त्याच्यावर रागावू नका. खारघरला फ्लॅट बघायचं त्याच्या डोक्यात केव्हापासून आहे, आणि टॉवरच्या वरच्या मजल्यावर लेथ नेता येत नाही. त्याचा विचार एवढाच होता.

त्या माणसाने मशीनवरची चादर काढली, बेडवरची लाकडी पेटी बाजूला ठेवली. हाताने जॉब धरायचा चक फिरवून बघितला, खालच्या लांब बेडवरून बोट फिरवलं, आणि दुसऱ्या टोकाचा टेलस्टॉक ढकलत चकापर्यंत आणला. टेलस्टॉकचं टोक आणि चकात धरलेलं टोक समोरासमोर आली तेव्हा तो वाकला, एक डोळा मिटून बघितलं आणि नितीनला म्हणाला, "टेलस्टॉक गेलाय हो. मी भंगारातच धरणार."

आई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मी म्हणाले, "गेला नाही. सेट करायचा राहिलाय."

"कोण करणार सेट?"

"मी."

त्याने नितीनकडे बघितलं, नितीनने माझ्याकडे. मग तो माणूस म्हणाला, "करा ना मॅडम, करा. झाला की फोन करा." चहा अर्धा ठेवून तो गेला. नितीनने विचारलं, "तू खरंच करणार आहेस? तू कधी मशीन चालवलंयस?" चालवलं नव्हतं. तुमच्या शेजारी उभं राहून डायलचा काटा वाचणं वेगळं, हे मलाही माहीत होतं.

खरं तर तुमचं माझं जमेल असं सुरुवातीला कुणालाच वाटलं नव्हतं. पोहे खायला तुम्ही सगळे आमच्याकडे आलात, तेव्हा बाबांनी कौतुकाने सांगितलं की पोरगी रबाळ्याला कंपनीत क्वालिटीत आहे, इन्स्पेक्शन बघते. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "म्हंजे दुसऱ्यानं केल्याल्या जॉबात चुका काढतीस?"

"असल्या तर काढते."

तुम्ही पाणी प्यायला म्हणून उठलात आणि बराच वेळ गॅलरीत उभे राहिलात. आयुष्यभर लेथवर टर्नर म्हणून काम केलेला माणूस. तुम्ही घाम गाळून केलेला जॉब, म्हणजे कातलेला नग, इन्स्पेक्टरने मायक्रोमीटर लावून नापास म्हणून बाजूला ठेवायचा, हे तुम्ही कंपनीत हजारदा सोसलेलं. आता घरातही तेच येणार म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल ते आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की सासरा रागीट आहे.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत तुम्ही नितीनला सांगत होतात, "तिला म्हणावं नोकरी सोड. हितं काय कमी हाय?" मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू आलं. मी नोकरी सोडली नाही आणि तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. पण पुढचं वर्षभर आपण दोघं "जेवायला वाढू का?" आणि "वाढ" यापलीकडे फारसं बोललो नाही. त्या वाक्याबद्दल तुम्ही नंतर कधी काही म्हणाला नाहीत. मीही विचारलं नाही. मध्ये एकदा वाटलं होतं विचारावं, पण तेव्हा आपण चांगले बोलायला लागलो होतो आणि मला ते बिघडवायचं नव्हतं.

बोलायला लागलो ते या लेथमुळे. तुम्ही रिटायर झालात आणि पावण्यातल्या एका बंद पडत आलेल्या वर्कशॉपमधून हे मशीन उचललंत. मालक गावाला परत चालला होता. छोटं बेंच लेथ, रंगावर रंग चढवलेलं, नावाची पट्टी घासून गुळगुळीत झालेली. टेम्पो गल्लीत वळेना तेव्हा शेजारच्या मार्केटमधल्या हमालांनी ते खांद्यावर आणून आपल्या पुढच्या पडवीत ठेवलं. लोखंडी स्टँड तुम्ही फरशीत बोल्ट मारून पक्का केलात. आईंच्या तुळशीची कुंडी पायरीवर गेली. आई म्हणाल्या, "आता मशीनलाच पानी घालते रोज." तुम्ही हसलात. मी तुम्हाला मोठ्याने हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

आणि मग तुमच्या डोळ्यांनी दगा दिला. साखरेमुळे डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागली, चालायला-फिरायला दिसायचं, पण माप घ्यायच्या व्हर्नियरवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. आम्हाला फक्त एवढंच दिसायचं की अण्णा तोच जॉब परत परत मोजतायत.

मला तो रविवार नीट आठवतो. जेवणं झाली होती, मी मेथी निवडत बसले होते. तुम्ही पडवीतून आत आलात आणि मला म्हणालात, "मनी, जरा डोळे दे."

मला आधी कळलंच नाही. मग तुमच्या हातातला काट्याचा डायल दिसला. मी हात धुऊन बाहेर आले. तुम्ही टूल धरणारी कॅरेज सरकवत होतात, मी काटा वाचत होते. "किती?" "दोन घरं पुढे." "आता?" "तीन." "नीट बग." "नीटच बघतेय, अण्णा. तीन." तुम्ही मान हलवलीत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही इन्स्पेक्टरचं वाचन वाद न घालता मान्य केलंत, आणि ते मी होते. मला तेव्हा आनंद झाला होता, हे आज सांगते.

वाद नंतर सुरू झाला. त्याला कारण आईंचे पापड.

आई आणि शेजारच्या दोघी जणी मिळून पापड करून विकायच्या. त्यांचं हाताने फिरवायचं मशीन होतं, दोन रोलर्समधून पिठाची लाटी गेली की पातळ पोळी बाहेर यायची. वरचा रोलर खड्डे पडून खराब झाला. तुम्ही म्हणालात, "मी करून देतो की. स्टेनलेसचा. जन्मभर बगायला नको." चार दिवस खपून केलात. आईंनी कौतुकाने पहिली लाटी घातली. पापड वाळले, भाजले, आणि आईंनी एक पापड चिमट्यात धरून तुमच्यासमोर नाचवला. "हिकडं जळका, तिकडं कच्चा. ह्याला काय म्हणायचं?"

रोलर एका टोकाला जाड होता, दुसऱ्या टोकाला बारीक. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पापडाला कळत होतं. पापडाच्या मशीनला रोलर खाली-वर करायची सोय आहे, पण त्यात दोन्ही टोकं एकदमच हलतात, त्यामुळे तिथे काही करता येण्यासारखं नव्हतं. चूक आपल्या लेथमध्येच होती.

तुमचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "टेलस्टॉक बाजूला गेलाय." लांब जॉब एका टोकाला चकाकडे धरलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकच्या टोकाचा आधार असतो. ते टोक केसभर जरी अलीकडे-पलीकडे असलं तरी जॉब तिरका फिरतो आणि कट एकीकडे जास्त बसतो. हे मलाही मान्य होतं. टेलस्टॉकला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, एक सैल करून दुसरा आवळला की तो बाजूला सरकतो. तुम्ही तो सरकवलात, रोलरएवढ्या एका जुन्या रॉडवर हलका कट घेतलात, मी मोजलं, ठीक आलं. दुसऱ्या दिवशी थोडा आखूड जॉब लावला, टेलस्टॉक पुढे आणला, तर परत निमुळता. परत स्क्रू. परत लांब जॉब, परत चूक. प्रत्येक कामाला तुम्ही ते दोन स्क्रू नव्याने फिरवायचात.

मी म्हणाले, "अण्णा, टेलस्टॉक दर वेळी वेगळा कसा चुकेल? बेडलाच पीळ बसला असेल. फरशी बघा."

आपली ही सगळी वस्ती खाडीच्या भरावावर. पावसाळा गेला की कुणाचं दार चौकटीला घासायला लागतं, कुणाच्या फरशीखाली पोकळ वाजतं. आपली पडवी गटाराच्या बाजूला खचलेली आहे, हे सांडलेल्या पाण्यावरूनही कळतं. त्या फरशीत तुम्ही स्टँड घट्ट बोल्ट केला होता. फरशी जशी वाकणार तसं मशीन वाकणार, असं माझं म्हणणं.

"बेड बिडाचा हाय, पापड न्हाय वाकायला."

"थोडंसं पुरतं."

"पावण्यात मशीन व्हतं तवा त्या मालकानं निमुळतं टेपर काम करायला टेलस्टॉक सरकवला, आन् परत जागंवर आनलाच न्हाय. मला म्हायती हाय. मी बगितलंय त्याला काम करताना."

"मग आपण जागेवर आणल्यावर तो तिथे राहायला पाहिजे ना?"

या वादात आठवडे गेले. जेवताना, चहा घेताना, आई मध्ये पडून म्हणायच्या, "आगं माजे पापड राहू द्या, पन ह्ये थांबवा." नितीन हेडफोन लावून बसायचा. मला खरं सांगायचं तर मजा येत होती. कंपनीत माझ्याशी असं कुणी भांडत नाही. रिपोर्टवर सही झाली की विषय संपतो. तुमचा विषय संपत नव्हता, कारण तुम्हाला तो मशीनवर उभं राहून दिसत होता.

शेवटच्या संध्याकाळी मात्र आवाज चढले. मी म्हणाले, "हात लावून बेडचा पीळ कळत नाही, अण्णा. लेव्हल लावूनच कळतो." तुम्ही म्हणालात, "मग इतकी वर्सं मी काय केलं?" तुम्ही स्टुलावर बसलात. मग म्हणालात, "बरं. आण तुजी ती लेव्हल. उद्या आधी तुजं करू. बुडाखाली काय घालायचं ते घाल. त्यानंबी न्हाय झालं तर गप माजं ऐकायचं."

"आणि झालं तर?"

"झालं तर..." तुम्ही चष्मा काढलात आणि बनियनच्या टोकाने पुसत बसलात. "झालं तर मग बगू."

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारून कंपनीतली लेव्हल घेतली. गवंड्याच्या लेव्हलसारखी ती नसते. तिच्या एका टोकाखाली कागद सरकवला तरी बुडबुडा पळतो. लाकडी पेटीत कापड गुंडाळून ठेवलेली होती. संध्याकाळी घरी न्यायची म्हणून मी ती टेबलावर ठेवली होती, तेव्हाच नितीनचा फोन आला. दुपारी जेवून तुम्ही पडला होतात आणि चहाला हाक मारली तर उठला नाहीत.

रिक्षात ती पेटी माझ्या मांडीवर होती. का घेतली मला माहीत नाही, हातात होती म्हणून आली. घरी गर्दी जमली होती. कुणीतरी माझ्या हातातून पेटी घेतली आणि जागा दिसली तिथे, म्हणजे लेथच्या बेडवर ठेवली. पुढचे सगळे दिवस ती तिथेच होती. पाहुणे आले, गेले, गावाकडची माणसं आली, भजन झालं, आणि ती पेटी चादरीखाली मशीनवरच राहिली. सरांचा फोन आला होता. मी लेव्हलबद्दल बोलायला लागले तर म्हणाले, राहू द्या, घाई नाही.

तर तो पावण्याचा माणूस गेल्यावर मी आधी ती पेटी उघडली.

बेडवर चकाच्या बाजूला लेव्हल आडवी ठेवली. बुडबुडा मध्यावर आणायला लेव्हलच्या एका टोकाखाली पातळ पत्रा घातला. मग तीच लेव्हल त्या पत्र्यासकट टेलस्टॉकच्या बाजूला नेली. बुडबुडा गटाराच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसला, पार टोकाला. नितीन शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "म्हणजे तुझं बरोबर?" मी म्हणाले, "एवढ्यात नाही सांगता येत."

फरशीतले बोल्ट सोडवायला नितीनने पाना आणि पहार आणली. तुम्ही ते असे आवळले होते की नितीनचे हात सोलले. एक-एक पाय उचलून पत्रा घालायचा, बोल्ट हलका आवळायचा, लेव्हल बघायची, परत उचलायचं. गटाराच्या बाजूचा पाय सगळ्यात जास्त खाली गेला होता. दुपारी कधीतरी नितीनने हात पुसायला तुमचंच फडकं घेतलं, ते नाकाशी धरलं, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी त्याला हाक मारली नाही. थोड्या वेळाने तो आला आणि म्हणाला, "पुढचा पाय कुठला?"

दोन्ही टोकांना बुडबुडा सारखा आला तेव्हा मी चकात एक जाड तुकडा धरला, टेलस्टॉकचा आधार न देता. तो माझा पहिला कट होता, अण्णा. तुमच्यासारखा सपासप नाही. लोखंडाचा गरम कीस उडून मनगटाला भाजलं, तर मी मशीनच बंद केलं. परत सुरू केलं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकाच सेटिंगवर कट घेतला आणि मोजलं. दोन्हीकडे सारखं. म्हणजे बेड सरळ झाला होता आणि चकाची बाजू ठीक होती.

मग टेलस्टॉक. तपासायचा, घासून अगदी सारखा केलेला रॉड दोन टोकांमध्ये लावला, डायल कॅरेजवर बसवला आणि कॅरेज चालवली. काटा एवढा पळाला की नितीनलाही लांबून दिसला.

माझं करून झालं होतं आणि टेलस्टॉक अजून चुकलेलाच होता. ठरल्याप्रमाणे आता मी गप तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

पण मी तिथे उभी राहून विचार करत गेले तसं लक्षात आलं की हेही तुमचं बरोबर ठरलं असं म्हणता येत नाही. बेडला पीळ होता तेव्हा तुम्ही टेलस्टॉक सरकवून ती चूक झाकत होतात. पीळ काढल्यावर तुमचीच सेटिंग चूक म्हणून दिसायला लागली. पावण्यात त्या मालकाने टेलस्टॉक खरंच सरकवला होता का, किती, हे कळायला काही मार्ग उरला नाही. त्यानंतर तुम्ही ते स्क्रू इतक्या वेळा फिरवले की मूळची जागा पुसली गेली. दोन्ही दोष होते की एकच, तुमचं खरं की माझं, हे मला सिद्ध करता येत नाही. मी याच कामाचा पगार घेते, तरीही येत नाही.

स्क्रूला पाना लावला आणि मी तशीच थांबले.

तुमचे कपडे वाटून झाले होते. औषधं केमिस्टने परत घेतली. चष्मा आईंनी कपाटात आत ठेवला, बँकेतलं नाव बदललं, तुमच्या खाटेवर आता तुमच्या नातवाचं दप्तर असतं. या दोन स्क्रूंची जागा तेवढी अजून तुम्ही ठेवलीत तशीच होती. तुमच्या हाताने दिलेला शेवटचा वळसा तिथे होता. तो मोडल्याशिवाय टेलस्टॉक सरळ होणार नव्हता.

आई आतून बाहेर आल्या. "काय झालं गं? का थांबलीस?"

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पण सांगितलं.

आई लेथजवळ आल्या, टेलस्टॉककडे बघितलं. त्यांना त्यातलं काही कळत नाही असं त्या नेहमी म्हणतात. म्हणाल्या, "त्यांनी तरी ते कवा एका जागी ठिवलं व्हतं? सकाळी एक, संध्याकाळी एक. फिरव तू."

मी फिरवला.

तुमची एक गोष्ट मात्र अगदी तशीच केली. तुम्ही म्हणायचात, टेलस्टॉकचा मोठा बोल्ट आवळला की तो थोडा आपल्याकडं येतो, म्हणून आधी थोडा पलीकडं ठिवायचा. मी पहिल्या वेळी विसरले आणि काटा शून्यावर आणून बोल्ट आवळला, तर काटा हलला. मग तुमच्यासारखं केलं. किती पलीकडे ठेवायचा हे तुम्ही कधी आकड्यात सांगितलं नव्हतं. दोन-तीन वेळा चुकत गेल्यावर मला अंदाज आला. टेलस्टॉक बेडवर पुढे आणून बघितला, मागे नेऊन बघितला. काटा जागेवर राहिला. दोन्हीकडे.

रोलरचा स्टेनलेसचा नवा तुकडा तुम्ही कापून, दोन्ही टोकांना सेंटरचं भोक पाडून ठेवला होता. टूलला धारही तुम्हीच लावलेली होती, तसं मला लावता येत नाही. ती धार मी शेवटच्या कटासाठी जपली. दोन संध्याकाळी लागल्या. मायक्रोमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेले आणि आकडा बदलला नाही, तेव्हा मी सवयीने म्हणाले, "ओके." म्हणजे पास. हे कुणाला सांगायचं म्हणून वळले तर मागे फक्त नितीन होता. त्याने विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं."

आईंनी त्या आठवड्यात पीठ मळायला नको म्हणून सांगितलं होतं, घरातलं सुतक फिटलं असलं तरी मन नव्हतं. पण रोलर बघितल्यावर त्यांनी शेजारच्या दोघींना बोलावलं. पापड वाळले. आईंनी पहिला गॅसवर धरला, फिरवला, उजेडाकडे धरून बघितला. सगळीकडे सारखा फुगला होता, कडेपासून कडेपर्यंत एकच रंग.

"सारका हाय," आई म्हणाल्या. मग तुकडे करून सगळ्यांच्या हातावर दिले. स्वतः उभ्या उभ्याच एक खाल्ला. "मीठ जास्त पडलंय," म्हणाल्या आणि तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता.

नितीनने पावण्याच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. खारघरचा विषय त्याने बाजूला ठेवलाय, कायमचा नाही. मुलाचं कॉलेज, मेट्रो, सगळं तो बोलतो आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. कधीतरी हे मशीन इथून हलेल. तोपर्यंत ते पडवीत आहे आणि पायाखाली पत्रे घालून सरळ उभं आहे. दर पावसाळ्यानंतर मी लेव्हल आणून बघणार आहे.

परवा गोठिवली गावचे पाटील आले. त्यांच्या पंपाची बुशी, आत बसणारी पितळी नळी, तुम्ही पूर्वी करून दिली होती म्हणे. गेटातूनच विचारलं, "अन्ना हायेत का घरान?"

मी सांगितलं. ते पडवीच्या पायरीवर बसले. "कवा? मना कोनी सांगलाच नाय गो." बराच वेळ बसले, चहा घेतला, तुमच्याबद्दल बोलले. तुम्ही त्यांना एकदा चुकीचं माप आणलं म्हणून हाकलून दिलं होतं, ते सांगून हसले. मग उठले आणि पिशवीतला पितळेचा तुकडा परत पिशवीतच ठेवायला लागले. मी म्हणाले, "राहू द्या इथे. करून बघते."

बुशीला भोक पाडायचं होतं, ड्रिल टेलस्टॉकमध्ये धरून. आधी भंगारातल्या एका तुकड्यावर करून बघितलं, तर भोक तोंडाशी मोठं झालं. परत तपासलं. टेलस्टॉक बाजूने बरोबर होता, पण उंचीला थोडा कमी. बूड झिजलं असणार, इतकी वर्षं बेडवर घासून. रोलरला त्याने फारसा फरक पडला नाही, पण भोकाला पडतो. यावर उपाय म्हणजे टेलस्टॉकच्या वरच्या-खालच्या दोन भागांमध्ये पातळ पत्रा घालून तो वर उचलायचा. किंवा ड्रिल चकात लावून काम वेगळ्या पद्धतीने करायचं आणि टेलस्टॉकला हात लावायचा नाही.

आज सकाळी मी पितळी पत्र्याची पट्टी कापली. टेलस्टॉक खोलला, दोन्ही भाग पुसले, आणि पट्टी हातात घेऊन थांबले. गेले काही दिवस मशीनजवळ उभी राहिले की तुम्ही काय म्हणाला असता ते मला आधीच ऐकू यायचं. टूल असं नको लावू. बोल्ट आधी तो आवळ. लेव्हल म्हंजे देव न्हवं. प्रत्येक वेळी मला त्यावर काहीतरी उत्तर द्यायचं असायचं.

उंचीबद्दल आपलं कधी बोलणंच झालं नव्हतं. पत्रा घालायचा की नाही, यावर तुमचं काय मत असतं ते मला माहीत नाही. मी वाट बघितली. काहीच ऐकू आलं नाही.

मग मी पट्टी मध्ये ठेवली, बोल्ट आवळले, डायल लावून बाजू परत तपासली, आणि पाटलांच्या तुकड्याला ड्रिल लावलं.